ओहोटीच्या वेळा धरून: रत्नागिरी ते मालवण, शंखशिंपल्यांच्या मागे

पौर्णिमा, रत्नागिरी

ही ट्रिप ठरवताना सुट्ट्या नंतर बघितल्या, आधी तिथ्या बघितल्या. शंखशिंपले बघायचे म्हणजे समुद्र जितका मागे हटेल तितकं चांगलं आणि तो सगळ्यात जास्त हटतो अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. अष्टमीच्या सुमाराला भांगाचे दिवस, तेव्हा भरती धड भरत नाही आणि ओहोटी धड उतरत नाही, अर्धे खडक पाण्यातच राहतात. त्यातही प्रत्यक्ष पौर्णिमेपेक्षा पुढच्या एकदोन दिवसांत जोर जास्त असतो, म्हणून पौष पौर्णिमेला रत्नागिरीत पोचायचं आणि चतुर्थीपर्यंत खाली मालवणाकडे सरकत जायचं असा बेत.

वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत आहे, तिथीला पाऊणने गुणायचं. द्वितीयेला दीड वाजता पूर्ण भरती, मग त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. मुंबईकडे हे बऱ्यापैकी जुळतं, दक्षिणेला जाल तशी वेळ थोडी अलीकडे येते कारण आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. आता मोबाईलवर मिनिटासकट सगळं दिसतं ते खरं, पण तिथीवरून हिशोब केला की चंद्र आणि पाणी एकत्र डोक्यात राहतात, मला तेच आवडतं.

आम्ही चौघं. मी, बायको, पाचवीतली लेक आणि कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवणारा एक मित्र, ज्याच्या खिशात कायम दहा पट मोठं दाखवणारी लेन्स असते. सामान रूमवर टाकलं आणि लगेच भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो, संध्याकाळची ओहोटी साडेपाचच्या सुमाराला होती. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्याच्या बाजूचा हा लांबलचक किनारा, ओली सपाट वाळू आणि पाण्याने सोडलेल्या रेषेत बारीक बारीक बटणशंखांचा नुसता थर. अंबोनियम म्हणतात त्यांना. नखाएवढे, चपटे, गुळगुळीत, आणि दोन शंखांवरची नक्षी काही एकसारखी नाही, कुणावर गुलाबी रेघा, कुणावर राखाडी ठिपके, कुणी नुसताच पिवळट. बहुतेक गोगलगायी खरवडून नाहीतर शिकार करून खातात, हा मात्र वाळूत उथळ पुरून घेऊन पाणी आत ओढतो आणि त्यातले कण गाळून खातो, म्हणजे शिंपल्यांचं काम शंखवाला करतोय. म्हणूनच एवढ्या दाटीने राहू शकतो, जेवण पाण्याबरोबर येतंच आहे.

लेकीने तेवढ्यात एक शिंपला आणून दिला, त्याला बिजागरीजवळ एक गोल भोक होतं. मग अजून एक सापडला तसाच. मग तिला नादच लागला, जो तो शिंपला उलटा करून बघतेय, आणि बऱ्याच जणांना भोक त्याच जागी, सुई घालून दोऱ्यात ओवता येईल इतकं सुबक. ती म्हणाली कुणीतरी माळ करायला पाडलीत का बाबा. मित्राने लेन्स दिली तिला आणि म्हणाला नीट बघ, भोक बाहेरून रुंद आहे आणि आत निमुळतं होत गेलंय.

हे काम चंद्रशंखाचं, नॅटिका कुळातला. वाळूखालून सरपटत जातो, शिंपला सापडला की आपल्या मोठ्या मांसल पायात पूर्ण गुंडाळतो आणि मग एकाच जागी आळीपाळीने दोन गोष्टी करतो, एका खास अवयवातून आम्ल सोडून कवच मऊ करायचं आणि दातांच्या फितीने ते खरवडायचं. तासन्‌तास चालतं हे. आरपार झालं की सोंड आत घालून जिवंत शिंपला खाऊन टाकतो. दुसरे काही मांसाहारी शंखही भोकं पाडतात पण त्यांचं भोक साधारण सरळ असतं, चंद्रशंखाचं तिरप्या कडेचं. एका शिंपल्यावर तर अर्धवट पाडलेलं भोक होतं, आरपार न गेलेलं, म्हणजे हा त्या वेळी वाचला होता. मला हे फार भारी वाटतं, मेलेला जीव आहे, मांस कधीच गेलंय, पण तो कसा मेला किंवा एकदा कसा वाचला ते कवचावर लिहिलेलं आहे आणि कुणालाही वाचता येतं. आम्ही अंधार पडेपर्यंत शिंपले वाचत बसलो.

प्रतिपदा, आरे-वारे

पहाटे टॉर्च घेऊन निघालो. आरे-वारेला पोचलो तेव्हा उजाडत होतं, पाणी पार खाली गेलेलं आणि वाळूवर आमच्याआधी फक्त खेकडे. थोड्या वेळाने पाणी परत चढायला लागलं आणि लाट मागे गेली की त्या ओल्या पट्ट्यात एकदम शेकडो बारीक शिंपले वर यायचे आणि दोन सेकंदांत परत गायब. डोनॅक्स, पाचरीच्या आकाराचे छोटे शिंपले. लाटेचा धक्का जाणवला की हे वाळूतून बाहेर पडतात, लाट त्यांना थोडं वर नेऊन टाकते, आणि लाट परतायच्या आत पाय खुपसून उभे शिरतात वाळूत. भरतीबरोबर असं वर सरकायचं, ओहोटीबरोबर खाली, म्हणजे कायम लाट फुटते त्या पट्ट्यात राहायचं, कारण खाणं तिथे ढवळलेलं असतं. लेकीने एक तळव्यावर घेतला तर त्याने पाय बाहेर काढून बोटांच्या फटीत शिरायचा प्रयत्न केला, ती किंचाळलीच आनंदाने. मग लगेच सोडला.

वाळूचीच बनलेली, पातळ, कॉलरसारखी वळलेली एक गोष्ट पडली होती, बायकोला ती कुठल्यातरी प्लास्टिकच्या डब्याचा तुकडा वाटली. ती चंद्रशंखाची अंडी. मादी चिकट द्रव आणि वाळू एकत्र करून ही पट्टी बनवते, अंडी त्या थरात, आणि पट्टीला हा आकार येतो कारण ती तिच्या शंखाभोवती फिरत तयार होते. कडक नसते, ओली असताना लवते, वाळली की चुरा होते. किनाऱ्यावर फिरणारे लोक ती लाथेने उडवतात कारण कुणाला माहीतच नसतं. आम्ही ती जिथे ओलं होतं तिथेच राहू दिली.

जांभ्याच्या कातळापाशी लाटांनी घासलेला एक टरिटेला सापडला, लांब निमुळता, एका बाजूने पूर्ण झिजलेला, त्यामुळे आतला मधला खांब आणि त्याभोवती वर चढत गेलेले मजले उघडे पडले होते. शंख कसा बनतो हे समजून घ्यायला अखंड शंखापेक्षा असा फुटका चांगला. मित्र तिथेच खडकावर बसला आणि लेकीला सांगत होता, मी पण ऐकत होतो. सगळ्यात टोकाचा बारीक कण आहे ना, तो या प्राण्याने अळी असताना बनवला. तेव्हा तो पाण्यात तरंगत होता, डोळ्यांना दिसणार नाही एवढा. तळाला उतरल्यावर त्याने वाढवायला सुरुवात केली आणि वाढवलं फक्त तोंडाच्या कडेला. मागचा एकही मजला नंतर मोठा झालेला नाही. म्हणजे शंख टोकाकडून तोंडाकडे बघत गेलं की त्या प्राण्याचं वय बघत जातो आपण, बालपण टोकाला आणि शेवटचा दिवस तोंडाच्या कडेला.

बनवणारा अवयव म्हणजे प्रावार, कवचाच्या आतून लागून असलेली मांसाची पातळ घडी. ती समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेते, आधी प्रथिनांचं जाळं घालते आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसवते. हे स्फटिक दोन प्रकारचे, कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट, रसायन एकच पण रचना वेगळी. मोत्याच्या चमकेचा जो आतला थर असतो काही शिंपल्यांत त्यात अ‍ॅरागोनाइटच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या आणि मधे प्रथिनाचा थर. वजनात ९५ टक्क्यांच्या आसपास खनिजच, पण नुसत्या खनिजापेक्षा कितीतरी पट चिवट, कारण तडा सरळ जाऊच शकत नाही, दर चकतीपाशी त्याला वळावं लागतं. आणि मोती म्हणजे हाच थर, आत शिरलेल्या नकोशा गोष्टीभोवती गोल गोल घातलेला. ती नकोशी गोष्ट वाळूचा कण असते असं सगळीकडे सांगतात, पण निसर्गात बऱ्याचदा ती एखादा परजीवी किंवा प्रावाराला झालेली इजा असते.

वळण कुठल्या बाजूचं ते पण बघायला शिकलो. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरायचं, तोंड उजवीकडे आलं की उजवा शंख. जवळपास सगळे उजवेच निघतात. देवघरात ज्याला एवढा मान आहे तो दुर्मिळ दक्षिणावर्ती शंख या पद्धतीने धरला तर तोंड डावीकडे येतं, तो डावा. लाखात एखादा असा निघतो म्हणून त्याची एवढी किंमत, आणि म्हणून बाजारात नकली पण चिक्कार, दुसऱ्याच जातीचे मुळात डावे असणारे शंख त्या नावाने खपवतात.

दुपारी रत्नागिरीत परत येऊन सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आणि संग्रहालय बघितलं. जाणाऱ्यांनी शंखशिंपल्यांच्या कपाटांसमोर थोडा जास्त वेळ काढावा, नावं कळतात, म्हणजे किनाऱ्यावर डोळे लवकर ओळखायला लागतात. मग पावस, पूर्णगड करत आंबोळगडला मुक्कामाला.

द्वितीया, आंबोळगड

हा दिवस माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचा दिवस. आंबोळगडला समुद्रात घुसलेला सपाट खडकाळ पट्टा आहे, पाणी उतरलं की त्यावर लहान-मोठी डबकी राहतात, आणि वाळूवर बहुतेक मेलेली कवचं दिसतात पण खडकावर सगळे जिवंत घरमालक भेटतात. साडेसहाला तिथे होतो.

वरच्या कोरड्या खडकावर सुरुवात होते काळपट गोल नेरिट शंखांपासून. पाण्याबाहेर तासन्‌तास राहायचं म्हणजे सुकून मरायची भीती, तर हे कवचात थोडं पाणी धरून ठेवतात आणि तोंडावर घट्ट झाकण लावून घेतात. फटीत एकमेकांना चिकटून बसलेले असतात, ओल टिकवायला. थोडं खाली आलं की लिंपेट, टोपीच्या आकाराचे, वेटोळं नसलेले, आणि एवढे घट्ट चिकटलेले की बोटाने हलणारच नाहीत. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक लिंपेटची खडकावर स्वतःची जागा असते. पाणी आलं की तो शेवाळ खायला बाहेर पडतो आणि पाणी उतरायच्या आत परत नेमका त्याच जागी येऊन बसतो. वर्षानुवर्षं तिथेच बसून त्याच्या कवचाची कड त्या खडकाच्या उंचसखलपणाला इतकी जुळते की पाणी आत अडकून राहतं. आम्हांला एक रिकामी जागा दिसली, खडकावर लंबगोल खूण, मालक गेलेला, बहुधा कुणी खाल्ला असेल.

शेवाळ खरवडायची त्याची जीभ म्हणजे खिसणीच, फितीवर रांगेने शेकडो दात. त्या दातांत गोएथाइट नावाचं लोहखनिज असतं आणि २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी मोजल्यावर हे दात तोवर माहीत असलेल्या जैविक पदार्थांपैकी सगळ्यात मजबूत ठरले, कोळ्याच्या रेशमापेक्षाही. शेजारीच कायटन होता, पाठीवर आठ पट्ट्या एकापाठोपाठ एक. त्याच्या दातांत मॅग्नेटाइट, म्हणजे अक्षरशः चुंबकाला ओढलं जाणारं खनिज. समुद्राच्या पाण्यात लोह किती कमी असतं, त्यातून हे जीव ते साठवून दातात भरतात. मी पोटावर झोपून लेन्समधून त्याच्या कडेचा खरखरीत पट्टा बघत होतो, कपडे पूर्ण भिजले.

कालवं तर खडकावर पांढरी शिवणच घातल्यासारखी, एकावर एक. एक झडप कायमची खडकाला सिमेंट केलेली, दुसरी उघडझाप करणारी. कालवं तरुणपणी बरीचशी नर असतात आणि पुढे मोठी झाली की मादी होतात, मोठ्या शरीरात अंडी जास्त मावतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार, चप्पल घालून खडकावर उतरू नका, मागून बंद असलेले सॅंडल किंवा जुने बूट हवेत.

मग तो क्षण. मित्राने एक सुटा दगड हळूच तिरका केला आणि खाली कवडी. जिवंत. आपण कवडी बघतो ती चकचकीत पांढरी-पिवळी, सारीपाटावरची नाहीतर आराध्यांच्या गळ्यातल्या माळेतली, पण ही तशी दिसतच नव्हती, तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी करड्या रंगाची मऊ घडी चढलेली आणि त्या घडीवर बारीक फांद्यांसारखे धागे. तो प्रावार. इतर शंखांचा प्रावार आत राहतो, कवडीचा बाहेर येऊन सगळं कवच झाकतो आणि बाहेरून पण थर चढवत राहतो, त्यामुळेच कवडी बाहेरून गुळगुळीत, तिच्यावर शेवाळ नाही, खरचटणं नाही. मित्राने पाण्यावर बोटाची सावली केली तशी ती घडी सावकाश दोन्हीकडून आत सरकली आणि मधे ते ओळखीचं चकाकणारं कवच उघडं पडलं. लेक काहीच बोलली नाही बराच वेळ. मग म्हणाली, तुळजापूरच्या माळेतल्या सगळ्यांना असं होतं? हो, सगळ्यांना. मालदीवमधून शतकानुशतकं जहाजं भरभरून कवड्या बंगालमध्ये आल्या आणि तिथे नाणं म्हणून चालल्या, त्या प्रत्येकीवर कधीतरी अशी घडी चढलेली होती. दगड जसा होता तसा परत ठेवला.

इथेच एक सूचना, लहान मुलं बरोबर असणाऱ्यांसाठी. कोनशंख, म्हणजे आइस्क्रीमच्या कोनसारखा, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळता, जिवंत दिसला तर हात लावायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. त्याचा एक दात पोकळ भाल्यासारखा असतो, त्यातून विष टोचून तो किडे, दुसरे शंख, काही जाती तर मासेसुद्धा गार करतात. मासे खाणाऱ्या मोठ्या जातींच्या विषाने माणसं मेलेली आहेत. आणि त्याच कुळातल्या एका जातीच्या विषावरून तयार केलेलं झिकोनोटाइड नावाचं वेदनाशामक औषध २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मॉर्फिनने न थांबणाऱ्या दुखण्यासाठी. आम्हांला एक छोटा दिसला, लांबूनच बघितला.

निघताना एका डबक्यात हर्मिट क्रॅबची जमलेली गर्दी. यांचं पोट मऊ असतं म्हणून रिकामा शंख घालून फिरावं लागतं आणि वाढले की मोठा शंख शोधावा लागतो. चांगला मोठा शंख मोकळा झाला की त्यात एक जण शिरतो, त्याने सोडलेल्या शंखात दुसरा, त्याच्यात तिसरा, अशी साखळीच लागते घरं बदलण्याची. आपण पिशवी भरून शंख नेतो तेव्हा ही घरं नेतो, हे समोर बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

तृतीया, देवबाग

काल दुपारी विजयदुर्ग, देवगडवरून गाडी काढत मालवणला आलो, रस्त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. सकाळी कर्लीच्या खाडीवर, देवबागच्या बाजूला. इथे पाणी मुंबईएवढं मागे जात नाही, पण खाडीत मधे वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि त्यावर शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणाऱ्या बायका उतरतात. गुडघाभर पाण्यात वाकून, कमरेला पिशवी बांधून, आणि एकमेकींशी गप्पा चालूच.

लेक जाऊन उभी राहिली एका काकींच्या शेजारी. त्या म्हणाल्या, "हातान नाय गो बाय, पायान बघूचा. पायाक आदी कळता." मग तिला चप्पल काढून तळव्याने वाळू चाचपायला शिकवली आणि खरंच, टाचेखाली टणक गोल लागलं. काढली तर तिच्या बोटाच्या पेराएवढी. काकींनी घेतली आणि लांब टाकून दिली परत. "ल्हान आसा ती. वाढांदेत." मी विचारलं हे सगळेच पाळतात का, तर म्हणाल्या पूर्वी जास्त पाळायचे, आता वाळू काढणाऱ्यांनी पात्रच हलवलंय, शिवल्या राहणार कुठे. चिखल वाढला की शिवल्या गुदमरतात, वाळू खरवडून नेली की छोट्या पिल्लांसकट जातात.

काकींच्या टोपलीत तीन-चार प्रकार होते. शिवल्या गुळगुळीत आणि जाड, तिसऱ्या नावाचे शिंपले थोडे लांबट आणि रेघांचे, आणि खालच्या चिखलातून आलेले दोन जाडजूड, उभ्या धारा असलेले. हे शेवटचे उघडले तर आत रक्त लाल. मृदुकाय प्राण्यांपैकी बऱ्याच जणांचं रक्त तांब्यावर चालतं, ऑक्सिजन लागला की निळसर होतं, पण या शिंपल्यात आपल्यासारखं हिमोग्लोबिन, कारण चिखलात ऑक्सिजन कमी, तिथे ते जास्त उपयोगी.

रिकाम्या कवचांचा ढीग होता बाजूला, तिथे मित्राने जे दाखवलं ते मला या ट्रिपमध्ये सगळ्यात उपयोगी वाटलं, कुणीही कुठल्याही किनाऱ्यावर करू शकतो. शिंपल्याची आतली बाजू उजेडाकडे तिरकी धरायची. दोन्ही टोकांना दोन पुसट गोल डाग दिसतात, तिथे झडपा बंद करणारे स्नायू चिकटलेले होते. या दोन डागांना जोडणारी कडेला समांतर एक रेघ असते, प्रावार तिथे चिकटलेला होता. आता ती रेघ सलग आहे की एका बाजूला आत वळून खाच पडलीय ते बघायचं. खाच म्हणजे पाणी घेणाऱ्या-सोडणाऱ्या नळ्या आत ओढून ठेवायची जागा. खाच खोल तर नळ्या लांब, नळ्या लांब तर हा जीव वाळूत खोल राहत होता. खाच नाही तर वरवर राहणारा. जीव मरून कितीही काळ लोटलेला असो, तो किती खोल राहत होता हे हातातल्या कवचावरून सांगता येतं. आम्ही एकेक उचलून अंदाज लावत होतो आणि काकींना विचारत होतो, ही खोल असते ना? त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "व्हय, ढोपराएवडा खणूचा लागता तिच्यासाठी." प्रत्येक वेळी जुळत होतं.

मेलेला शिंपला उघडा का पडतो ते पण इथेच नीट कळलं. बिजागरीतला लवचिक बंध झडपांना कायम उघडायला बघत असतो, बंद ठेवायला स्नायूंना ताकद लावावी लागते. जीव गेला की ताकद संपली, झडपा आपोआप फाकतात. म्हणूनच बाजारात उघडी पडलेली आणि टिचकी मारल्यावर न मिटणारी तिसरी घेत नाहीत.

बाहेरच्या बाजूच्या रेघा वाढीच्या. चांगलं खाणं असेल तेव्हा अंतर जास्त, वाईट काळात रेघा दाट. थंड समुद्रातल्या काही शिंपल्यांत या रेघा वर्षाच्या असतात आणि मोजता येतात. आइसलंडजवळ २००६ मध्ये मिळालेल्या एका शिंपल्याचं वय असंच मोजलं, ५०७ वर्षं आलं, जन्म १४९९ चा. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं तेव्हा तो दीडशेच्या पुढे होता. शास्त्रज्ञ त्याच्या रेघांवरून त्या त्या वर्षी समुद्र कसा होता ते काढतात.

संकष्टी चतुर्थी, मालवण

सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढत होते. दोन्ही बाजूंना माणसांची रांग, दोर खांद्यावर, जाळं हळूहळू किनाऱ्याला. मासळी वेगळी झाल्यावर जे उरतं त्यात आमचा रस. काटेरी म्युरेक्स शंख जाळ्यात अडकलेले, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचे बॅबिलोनिया शंख, आणि दोन माकूल, म्हणजे स्क्विड, अजून रंग बदलणारी, अंगावर तपकिरी ठिपके मोठे होतायत, बारीक होतायत. लेकीला पटेना की माकूल आणि शिवली एकाच संघातली. पण तसंच आहे. वर्णन झालेल्या ७० हजारांहून जास्त मृदुकाय जातींत शिंपले, शंख, कायटन, माकूल आणि ऑक्टोपस सगळे येतात, कुणी कवच बाहेर ठेवलं, कुणी आत घेतलं, कुणी सोडूनच दिलं.

आत घेतल्याचा पुरावा तिथेच वाळूवर पडला होता, समुद्रफेन. पांढरा, हलका, लंबगोल, एका बाजूला नखाने खरवडता येणारा. बऱ्याच जणांना तो कुठल्यातरी माशाचं हाड वाटतो. ते माकुलाच्याच जातकुळीतल्या कटलफिशचं आतलं कवच. हातात मोडून बघितला, आत पातळ पातळ मजले आणि मजल्यांमधे बारीक भिंती. जिवंतपणी काही मजल्यांत वायू असतो, काहींत द्रव, आणि ते प्रमाण बदलून प्राणी पाण्यात हवं तिथे तरंगत राहतो, पोहण्याची ताकद न लावता.

नंतर होडीने सिंधुदुर्ग. किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, साधारण २९ चौरस किलोमीटर, गाभ्याचा भाग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपास. इथे काही उचलायचं नाही, बघायचं. पाणी स्वच्छ होतं, होडीतून खाली खडकांवरची हालचाल दिसत होती, मला आत उतरायची फार इच्छा होती पण वेळ नव्हता.

बाजारात शंखांची दुकानं लागली आणि तिथे माझा जीव वर-खाली झाला ते सांगतो. एवढे मोठे, चकाकणारे शंख कोकणात सापडतच नाहीत, असा माल बराचसा तमिळनाडूकडून येतो. आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं कवच लाटांनी, उन्हाने फिकट झालेलं असतं, ज्याची चमक आणि रंग शाबूत आहे ते बहुधा जिवंत पकडून, मारून साफ केलेलं. कवडी बघितल्यावर हे मला नुसतं वाचलेलं राहिलं नाही. २००१ मध्ये काही मृदुकाय जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतलं, त्यात शिंगाळा शिरस्त्राण शंख, तुतारी शंख, नॉटिलस, महाकाय शिंपले आहेत. त्या विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा. दुकानात गेलात तर कुठल्या जातीचा आहे ते विचारा, नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका, अगदी वजन पेलत नाही असा जडशीळ, तोंडाशी जाड ओठाचा शंख असेल तर नक्कीच नाही.

लेकीने या सगळ्या दिवसांत काही जमवलं असेल तर एक वही. प्रत्येक कवचाचं चित्र, कुठे सापडलं, भोक आहे का, खाच आहे का, तोंड कुठल्या बाजूला, आणि तिच्या मते तो कसा मेला. देवबागच्या पानावर काकींनी सांगितलेली खोली पण लिहिलीय.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी खडकावर पोचा आणि पाणी वळलं की परत फिरा, पाठीमागून पाणी भरतं ते कळत नाही. दगड उलटलात तर ज्या बाजूवर होता त्याच बाजूवर ठेवा, खाली चिकटलेले जीव वर राहिले तर उन्हात मरतात. लेन्स न्याच, साधी चालते. आणि पावसाळ्यात खडकांवर उतरू नका, आश्विनातल्या कोजागरीनंतर समुद्र शांत होतो, तिथून होळीपर्यंतच्या सगळ्या अमावस्या-पौर्णिमा मोकळ्या आहेत.